परदेशातलं मोबाइल इंटरनेट : ग्रुपवरचे सल्ले आणि वस्तुस्थिती

मीरा रोड-भाईंदरमधल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मे महिन्यात आणि दिवाळीच्या आगेमागे एक प्रश्न येतोच : "बँकॉकला चाललोय, सिम कुठलं घेऊ?" तासाभरात दहा उत्तरं येतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. सल्ला देणारे खोटं बोलतात असं नाही. नयानगरमधून उमऱ्याला निघालेलं जोडपं, नोकरीसाठी कुवेतला चाललेला उत्तनचा मुलगा, चार दिवस दुबई बघायला निघालेलं जेसल पार्कचं कुटुंब आणि नातवंडं सांभाळायला सहा महिने न्यू जर्सीला चाललेले आजी-आजोबा, यांच्या गरजाच वेगळ्या. पण बहुतेक गोंधळ सुरू होतो तो एकाच ठिकाणी. आपला नंबर आणि आपलं नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सल्ला देणाराही विसरतो आणि घेणाराही. नंबर इथलाच ठेवून नेट दुसऱ्याच कंपनीचं वापरता येतं.

"प्रीपेडवर परदेशात रोमिंग होत नाही"

हा समज बहुधा काश्मीरहून आला असावा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम सुरक्षेच्या कारणामुळे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. श्रीनगरला फोन मुका झाल्याचा अनुभव घेऊन आलेला माणूस तोच नियम सिंगापूरलाही लावतो. प्रत्यक्षात जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्या प्रीपेड ग्राहकाला परदेशी रोमिंगचे पॅक देतात. पॅक आणि त्यांचे दर सारखे बदलतात, तेव्हा शेजाऱ्याने गेल्या वर्षी भरलेला आकडा धरून बसू नका. कंपनीच्या ॲपवर आपण जाणार त्या देशाचं नाव टाकून बघा.

"नेपाळला पासपोर्टही लागत नाही, मग आपलाच प्लॅन चालेल"

नाही चालत. पशुपतिनाथ-मुक्तिनाथची यात्रा मतदार ओळखपत्रावर होते, पण मोबाइल कंपनीच्या लेखी नेपाळ हा परदेश आहे. भूतानही. रोज दोन जीबी देणारा इथला रिचार्ज रक्सौलची सीमा ओलांडली की निरुपयोगी.

युरोपात याच्या उलट होतं. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशातलं सिम दुसऱ्या सदस्य देशात वेगळ्या रोमिंग-आकाराशिवाय वापरता येतं. त्यामुळे पॅरिसमध्ये घेतलेलं सिम रोममध्येही चालतं. फसगत होते ती स्वित्झर्लंडमध्ये. आपल्या सहलींचा तो लाडका देश, पण तो संघात नाही. ब्रिटनही आता नाही. "युरोपचं सिम" घेताना या दोन देशांची नावं यादीत आहेत का, एवढं तरी बघावं.

"रोमिंग बंद ठेवलं की बिल येत नाही"

फोनच्या सेटिंगमधलं 'डेटा रोमिंग' बंद केलं की फक्त नेट बंद होतं. कॉल चालूच राहतात, आणि पॅक नसताना परदेशात आलेला फोन उचलला तरी पैसे पडतात. कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईंचा कॉल क्वालालंपूरमध्ये घेतला, तर बोलण्याचं मोल आपणच मोजतो. येणाऱ्या एसएमएसचे पैसे मात्र भारतीय कंपन्या सहसा घेत नाहीत. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, म्हणून ही सवलत मोठी आहे. त्यासाठी सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सेवा सुरू असावी लागते, आणि ती मुंबईत असतानाच सुरू करून घ्यायची.

आणखी एक फट आहे. क्रूझ जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजावरच्या उपग्रह-नेटवर्कला जोडला जातो. त्याचे दर वेगळे आणि भरमसाट असतात, देशाच्या पॅकमध्ये ते धरलेले नसतात. विमानातल्या नेटवर्कचंही तसंच. तिथे फोन विमान-मोडवर टाकणं उत्तम.

"तिकडचं सिम घाला, इथलं काढून पाकिटात ठेवा"

सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत महाग पडू शकणारा सल्ला हा. पाकिटातलं नखाएवढं सिम हरवतं, ही झाली साधी गोष्ट. खरी अडचण हॉटेलच्या काउंटरवर येते. कार्ड घासलं, बँकेने ओटीपी पाठवला, तो पोहोचणार कुठे? यूपीआयही आता सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा देशांत काही ठिकाणी चालतं. पण यूपीआयचं ॲप त्याच फोनमधल्या नोंदलेल्या सिमवरून खातरजमा करतं. ॲपने मध्येच पुन्हा खातरजमा मागितली आणि सिम पाकिटात असलं, तर पैसे खात्यात असून उपयोग नाही.

व्हॉट्सॲपचं काय? सिम बदललं तरी जुन्या नंबरावरचं व्हॉट्सॲप चालू राहतं, असा आजवरचा अनुभव. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने अशा संदेश-ॲपना निर्देश दिला की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालता कामा नये. म्हणजे जुन्या अनुभवावर विसंबण्याचे दिवस गेले. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यावं, डेटाचं काम दुसऱ्या सिमकडे द्यावं. बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असतेच.

तिकडे स्थानिक सिम घेणंही पानपट्टीवर रिचार्ज मारण्याइतकं सोपं नाही. पासपोर्ट बहुतेक ठिकाणी लागतो, सौदी अरेबियात बोटांचे ठसे घेतात, चीनमध्ये चेहरा स्कॅन होतो. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी बहुतेक सिम फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबरच नसतो.

"ई-सिम घेतलं की सुटलो"

ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप; तिच्यात कंपनीची नोंद नेटवरून उतरवून घ्यायची. सोय उत्तम आहे, पण 'सुटलो' म्हणण्याआधी हातातला फोन कुठून आला ते आठवा. आपल्या भागात निम्मे चांगले फोन नातेवाइकांनी परदेशातून आणलेले, आणि खोच नेमकी तिथेच आहे. चीनमध्ये विकलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ई-सिमची सोय नाही. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनना सिमचा ट्रेच नाही, आणि २०२५ मध्ये आलेला आयफोन १७ अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीनमध्येही फक्त ई-सिमवर चालणारा आहे. म्हणजे दुबईहून भावाने आणलेल्या नव्या आयफोनमध्ये मक्केतल्या दुकानातलं साधं सिम बसणारच नाही, आणि इथलं जिओ-एअरटेलही आधी ई-सिम करून घ्यावं लागेल. अमेरिकेतून हप्त्यावर घेतलेला फोन तिथल्या कंपनीने लॉक केलेला असला, तर दुसऱ्या कुणाचंच सिम तो घेत नाही. तपासायला सोपं आहे : *#०६# दाबा. आयएमईआयच्या बरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे.

प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, नंबर मिळत नाही. तिकडच्या टॅक्सी-ॲपवर खातं उघडायला नंबर लागतो, तेव्हा ते घरूनच उघडून ठेवा. क्यूआर कोड घरच्या वायफायवर स्कॅन करून ई-सिम बसवून घ्या, कारण ते उतरवायलाच नेट लागतं. आणि 'काही बिघडलंय' म्हणून ते डिलीट करू नका. बहुतेक कोड एकदाच चालतात. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग ई-सिमच्या लाइनवर चालू आणि भारतीय लाइनवर बंद हवं. लोक घाबरून दोन्ही बंद करतात आणि मग ई-सिम विकणाऱ्याला शिव्या घालतात.

विकणारा कोण, हेही बघायला हवं. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या कंपन्यांची ॲप विभागाच्या सांगण्यावरून ॲपल आणि गूगलच्या भारतीय दुकानांतून काढली गेली. तेव्हा टेलिग्रामवर 'स्वस्त ई-सिम' विकणाऱ्या अनोळखी माणसाकडून खरेदी करण्यात शहाणपण नाही.

ई-सिमच्या नावाने चोरीही चालते. "तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेल्या मेसेजला होकार द्या" असा कॉल येतो. होकार दिला की आपल्या फोनचं नेटवर्क जातं आणि ओटीपी चोराच्या फोनवर यायला लागतात. फोनवरून लुबाडण्याचा धंदा आपल्या शहराला नवा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडमध्येच धाडी घातल्या होत्या. तिथल्या बनावट कॉल सेंटरमधून अमेरिकेतल्या लोकांना कर अधिकारी असल्याचं सांगून धमकावलं जात होतं. ई-सिम करायचं तर आपण स्वतः कंपनीच्या ॲपवर किंवा दुकानात जाऊन करावं. फसलोच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं.

"अनलिमिटेड आहे, बिनधास्त वापरा"

ठरलेली मर्यादा संपली की वेग इतका पडतो की नकाशाही उघडत नाही. बारीक अक्षरं वाचा. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप वायफायपुरता ठेवा आणि शहराचा नकाशा घरूनच उतरवून घ्या.

"नेट आलं म्हणजे सगळं चालतं"

रोमिंगमधला डेटा सहसा आपल्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून जातो. म्हणून भारतीय रोमिंगवर चीनमध्येही गूगल आणि व्हॉट्सॲप उघडतं, तिथल्या सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर अडतं. याच कारणाने क्रिकेटचा सामना भारतीय रोमिंगवर भारतीय ॲपमध्ये दिसू शकतो. स्थानिक सिमवर तेच ॲप 'या देशात उपलब्ध नाही' म्हणून हात वर करतं. दुबईत स्थानिक सिमवर आणि वायफायवर व्हॉट्सॲपचे मेसेज-फोटो जातात, पण व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल अडवलेले आहेत. तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "पोहोचल्यावर फोन का केला नाहीस?" हे ऐकावं लागेल.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. चार-पाच दिवसांच्या सहलीला आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी डोक्याला ताप नाही. आठवडा-दोन आठवडे, अनेक देश असतील तर भारतीय सिम फोनमध्ये ठेवून डेटासाठी ई-सिम. महिन्याहून अधिक राहायचं असेल तर तिथलं स्थानिक सिम, पण दुसऱ्या खणात.

जास्त काळजी हवी ती मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या नंबरची. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुमचं बँक खातं, पेन्शन आणि आधार त्या नंबरला जोडलेलं असतं. म्हणून आई-वडिलांची तिकिटं काढाल त्याच दिवशी त्यांच्या नंबरवर परतीच्या तारखेपर्यंत पुरेल असा रिचार्ज करून टाका.