हातानें चालणारें काम रात्रीं कां अडतें?

संगणक शिकणाऱ्या मुलांना एक प्रश्न हटकून पडतो. शेल स्क्रिप्ट लिहिली, स्वतः चालवून पाहिली, ती बिनचूक चालली. तीच स्क्रिप्ट रात्रीं आपोआप चालावी म्हणून नेमून ठेविली, आणि सकाळीं पाहतात तों काम झालेलें नाहीं! स्क्रिप्टमधील एक अक्षरही बदललेलें नाहीं, संगणक तोच, चालविणाराचें नांवही तेंच. मग दिवसां जें होतें तें रात्रीं कां होऊं नये? मुलें हा संगणकाचा लहरीपणा समजतात. पण यंत्राच्या ठायीं लहर नसते. कारण असतें आणि तें शोधतां येतें, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे. ज्या पालकांचा या विद्येशीं परिचय नाहीं त्यांनींही हें पान उलटूं नये. दुकानाचे हिशेब, दवाखान्यांतील नोंदी, शाळेचे गुणपत्रक यांच्या प्रती अशाच रात्रींच्या कामांवर विसंबून ठेविलेल्या असतात.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. लिनक्ससारख्या प्रणालींत आपण ज्या आज्ञा टंकून देतों त्या समजून घेऊन अंमलांत आणणाऱ्या कार्यक्रमास शेल म्हणतात. पुष्कळ आज्ञा ओळीनें एका फाईलींत लिहून ठेविल्या म्हणजे ती शेल स्क्रिप्ट झाली. ती नेमल्या वेळीं चालविणारा, सदैव जागा असणारा दुसरा एक कार्यक्रम आहे. त्याचें नांव क्रॉन. ग्रीक भाषेंत काळास ‘क्रोनॉस’ म्हणतात, त्याशीं हें नांव जोडतात. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतून सन १९७९ मध्यें बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत क्रॉन होता. आज लिनक्सवर जे क्रॉन आढळतात त्यांपैकीं पुष्कळांचा मूळपुरुष पॉल विक्सी यांनीं सन १९८७ मध्यें लिहिला. क्रॉनच्या वेळापत्रकास क्रॉनटॅब म्हणतात. त्याच्या एकेका ओळींत मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पांच रकाने असतात आणि त्यांपुढें करावयाची आज्ञा असते. (आज्ञा आम्ही येथें देवनागरींत छापीत आहों, यंत्रावर त्या अर्थातच रोमी अक्षरांनीं लिहावयाच्या.)

आतां मुख्य गोष्ट. आपण नांव व परवलीचा शब्द देऊन संगणकांत शिरतों तेव्हां शेल आपल्या नांवाच्या कांहीं फाईली गुपचूप वाचतो आणि त्यांवरून आपल्याभोंवतीं एक परिस्थिति उभी करतो. आज्ञा कोठें शोधावयाच्या, अक्षरें कोणत्या भाषेचीं समजावयाचीं, दूरच्या संगणकाच्या किल्ल्या कोठें आहेत, हें सर्व तींत येतें. संगणकाच्या भाषेंत तिला ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. ती आपल्या लक्षांत येत नाहीं, कारण ती नेहमींच असते. घरांतल्या माणसास मिठाचा डबा कोठें आहे हें आठवावें लागत नाहीं, तसेंच हें. क्रॉन मात्र ह्या फाईली वाचीत नाहीं. त्यानें धाडलेला गडी परका असतो. त्याला ‘मीठ आण’ म्हटलें तर तो दोन ठरलेलीं फडताळें उघडील आणि तेथें न मिळाल्यास ‘नाहीं’ म्हणून परत येईल. घरांत मीठ नाहीं असें नव्हे. तें तिसऱ्या फडताळांत आहे.

हीं दोन फडताळें म्हणजे /यूएसआर/बिन आणि /बिन. विक्सी यांच्या क्रॉनमध्यें ‘पाथ’ या नांवाखालीं साधारणतः एवढ्याच डिरेक्टऱ्या असतात. आपण मागाहून बसविलेला कार्यक्रम बहुधा /यूएसआर/लोकल/बिन येथें किंवा आपल्या स्वतःच्या डिरेक्टरींत असतो. हातानें चालवितांना तो सांपडतो, क्रॉनच्या हातीं सांपडत नाहीं, आणि स्क्रिप्ट १२७ हा अंक मागें ठेवून थांबते. १२७ याचा अर्थ, आज्ञा सांपडली नाहीं. १२६ आल्यास सांपडली पण चालवितां आली नाहीं. उपाय सोपा आहे. ‘कमांड -व्ही’ पुढें कार्यक्रमाचें नांव लिहून विचारावें, म्हणजे त्याचा पुरा पत्ता मिळतो; तो पत्ताच स्क्रिप्टमध्यें लिहावा, अथवा स्क्रिप्टच्या आरंभीं ‘पाथ’ स्वतः भरून द्यावा. क्रॉनटॅबमध्येंही तो लिहितां येतो, परंतु तेथें ‘पूर्वींचा पाथ अधिक हा’ असें डॉलरचें चिन्ह घालून लिहिल्यास क्रॉन त्याचा उलगडा करीत नाहीं, तीं अक्षरें तशींच धरतो. पुष्कळ हुशार मुलें येथें फसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

परिस्थितीचा दुसरा भाग म्हणजे उभें राहण्याची जागा. आपण कामाच्या डिरेक्टरींत उभे राहून ‘यादी’ नांवाची फाईल मागतों, ती समोरच असते. क्रॉन आपल्या मूळ डिरेक्टरींतून निघतो, म्हणून त्याला ती दिसत नाहीं. तिसरा भाग खुद्द शेलचा. आपण बहुधा बॅशमध्यें काम करतों. क्रॉन ओळ देतो ती /बिन/एसएच ह्याच्या हातीं. उबुंटूवर सन २००६ पासून आणि डेबियनवर सन २०११ पासून त्या नांवामागें डॅश नांवाचा लहान शेल आहे, आणि बॅशचे दुहेरी चौकोनी कंस त्याला कळत नाहींत. याकरितां स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत ‘#!/बिन/बॅश’ असें स्पष्ट लिहावें. चौथा भाग भाषेचा, आणि तो आम्हां मराठी लोकांस विशेष जाचतो. क्रॉनखालीं भाषेची खूण बहुधा नसते. मग मराठी नांवाच्या फाईली हाताळतांना कांहीं कार्यक्रम अडतात. पायथनच्या सन २०१८ पूर्वींच्या आवृत्त्या तर देवनागरी अक्षर छापण्याची वेळ आली कीं तेथेंच काम टाकून देत.

याशिवाय बारीकसारीक खांचखळगे आहेत. क्रॉनटॅबच्या ओळींत शेंकडेवारीचें चिन्ह (%) आल्यास क्रॉन तेथेंच ओळ तोडतो. तारखेची आज्ञा लिहितांना हें चिन्ह येतेंच, म्हणून त्यामागें उलटी तिरकी रेघ द्यावी. शेवटच्या ओळीनंतर ‘एंटर’ दाबलेलें नसल्यास ती ओळ फुकट जाण्याचा संभव असतो. विंडोजवर लिहिलेल्या फाईलींत ओळीच्या अखेरीस एक न दिसणारें अक्षर असतें, तेंही घात करतें. डेबियनवर रोजच्या कामांच्या डिरेक्टरींत ठेविलेल्या फाईलीच्या नांवांत टिंब असलें तर ती चालतच नाहीं, ‘बॅकअप.एसएच’ हें नांव अगदीं साळसूद दिसतें, परंतु तेथें तें वगळलें जातें. आणि तारीख १३ व वार शुक्रवार असें दोन्ही भरल्यास काम तेराव्या शुक्रवारीं न होतां प्रत्येक १३ तारखेस आणि प्रत्येक शुक्रवारीं होतें!

वेळेचा घोटाळा निराळा. पुष्कळ भाड्याचे संगणक ग्रीनिच येथील वेळेवर चालतात. आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. पहाटे दोनला नेमलेलें काम आपल्याकडे सकाळीं साडेसातला होतें, आणि मुलगा सहाला उठून ‘झालें नाहीं’ म्हणून रडकुंडीस येतो. तसेंच, त्या वेळीं संगणक बंद असला किंवा वीज गेली असली तर साधा क्रॉन तें चुकलेलें काम मागाहून करीत नाहीं. त्यासाठीं अ‍ॅनाक्रॉन नांवाचा सोबती ठेवावा लागतो.

हा विषय पोरखेळ नव्हे हें पटविण्यास एक घडलेली गोष्ट पुरे. गिटलॅब ही जगभरच्या लोकांचे कार्यक्रम सांभाळून ठेवणारी संस्था. ता. ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं तेथील एका अभियंत्यानें दुरुस्तीच्या धांदलींत भलत्याच संगणकावरील माहिती पुसून टाकिली. सुमारें ३०० गिगाबाइटांचा तो सांठा होता. चूक लक्षांत येतांच मंडळी रोजच्या प्रतीकडे धांवली, तों प्रत ठेवण्याची जागा रिकामी! माहितीचा सांठा पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता; रात्रींचें काम ज्या संगणकावरून चाले तेथें तो सांठा नसल्यामुळें आवृत्ति ओळखतां येत नसे, म्हणून ९.२ आवृत्तीचें हत्यार उचललें जाई, आणि तें हत्यार नकार देऊन थांबे. क्रॉन अपयशाचें पत्र धाडी; परंतु त्या पत्रांवर आवश्यक ती सही नसल्यामुळें टपालाचा संगणक तीं परत लोटी. कोणाच्याही हातीं एकही पत्र पडलें नाहीं. दुसऱ्याच कारणासाठीं सुमारें सहा तास आधीं काढलेली एक प्रत सुदैवानें सांपडली, म्हणून बचाव झाला. तरी त्या सहा तासांतील सुमारें ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं यांच्या नोंदींस धक्का बसला, आणि संस्थेचा कारभार सुमारें अठरा तास बंद राहिला. हें सर्व त्या संस्थेनें स्वतःच प्रसिद्ध केलें, हें तिला भूषणास्पद आहे.

येथें दोन दोष होते, आणि आमच्या मतें दुसरा अधिक भयंकर. काम अडणें हा अपघात. पण अडल्याचें न कळणें हा अंधार. म्हणून विद्यार्थ्यानें शोध घेतांना क्रम असा ठेवावा. काम सुरू तरी झालें कीं नाहीं, हें आधीं संगणकाच्या नोंदवहींत पाहावें. तेथें क्रॉनच्या नांवाची ओळ नसेल तर दोष वेळेचा किंवा क्रॉनटॅबचा आहे, स्क्रिप्ट तपासीत बसूं नये. ओळ असेल तर स्क्रिप्ट काय बोलली तें ऐकावें. कार्यक्रमास बोलावयास दोन मुखें असतात, एक साध्या उत्तराचें आणि एक तक्रारीचें; आज्ञेच्या शेवटीं ‘>>’ लिहून एका फाईलीचें नांव आणि मग ‘२>&१’ असें लिहिलें म्हणजे दोन्ही मुखांचें बोलणें त्या फाईलींत उतरतें. दहांतील नऊ कोडीं ती फाईल वाचतांच सुटतात. कांहीं विद्यार्थी याउलट सारें बोलणें /डेव्ह/नल येथें, म्हणजे विहिरींत, सोडून देतात, कारण टपाल फार येतें. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

एवढ्यानेंही न उलगडल्यास क्रॉनची परिस्थितीच पकडावी. पांच तारे लिहून दर मिनिटास ‘एन्व्ह’ ही आज्ञा चालवावी आणि तिचें उत्तर एका फाईलींत घ्यावें. तीच आज्ञा स्वतः चालवून दुसरी फाईल करावी. दोन्ही शेजारीं ठेवून फरक पाहावा. आपल्या फाईलींत तीस-चाळीस ओळी आणि क्रॉनच्या फाईलींत पांच-सहाच, हें पाहून मुलांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो तो पाहण्यासारखा असतो. मग तो दर मिनिटाचा प्रयोग काढून टाकण्यास मात्र विसरूं नये.

प्रतीच्या कामांत आणखी एक पथ्य आहे. महिन्यांतून एकदां ती प्रत दुसऱ्या संगणकावर उलगडून, आंतील एखादी फाईल उघडून पाहावी; कारण शून्य आकाराची फाईलही यादींत प्रतीसारखीच दिसते. आणि काम लांबण्यासारखें असेल, म्हणजे पहिलें संपण्यापूर्वींच दुसरें सुरू होण्याचा संभव असेल, तर ‘फ्लॉक’ या आज्ञेचें कुलूप घालावें. तिला ‘-एन’ जोडलें म्हणजे मागून आलेला गडी कुलूप पाहून परत फिरतो. तो फिरल्याची ओळही त्याच नोंदीच्या फाईलींत पडेल अशी तजवीज ठेवावी.