ड्रॉइंगमधल्या बोल्टचं पूर्ण नाव

पीएचडी सुरू झाली की प्रयोगासाठी एखादं फिक्स्चर बनवून घ्यायची वेळ येतेच. सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल झकास होतं, आणि पार्ट लिस्टमध्ये लिहिलेलं असतं ‘एम१२ बोल्ट, ८ नग’. वर्कशॉपवाल्याने यातून काय समजायचं? लांबी किती? आटे डोक्यापर्यंत की अर्धेच? ताकद कुठली?

पूर्ण नाव असं असतं: षट्कोनी बोल्ट आयएसओ ४०१४ – एम१२ × ८० – ८.८.

‘एम’ म्हणजे मेट्रिक आटे, १२ हा बाहेरचा नाममात्र व्यास. पिच लिहिलेला नाही म्हणजे तो कोर्स, एम१२ साठी १.७५ मिमी. फाइन आटे हवे असतील तर लिहावंच लागतं: एम१२ × १.२५ × ८०. ८० ही डोक्याखालची लांबी. पण सीएसके स्क्रूची लांबी डोक्यासकट धरतात. ८.८ मधल्या पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की तन्यता ८०० मेगापास्कल, आणि दुसरा आकडा सांगतो की यील्ड तिच्या ०.८ पट, म्हणजे ६४०. स्टेनलेसची पद्धत वेगळी. ए२-७० मध्ये ७० म्हणजे ७०० मेगापास्कल, पण यील्ड फक्त ४५०. गंजत नाही म्हणून ८.८ च्या जागी सरसकट स्टेनलेस लावणाऱ्यांनी हा फरक बघावा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ४०१४. या बोल्टला ८० मिमी लांबीत आटे साधारण ३० मिमीच, बाकी गुळगुळीत दांडा. ४०१७ ला आटे जवळजवळ डोक्यापर्यंत. तुमच्या जोडावर आडवा भार येत असेल तर तो दांड्यावर यायला हवा, आट्यांवर नाही. भारतीय मानकांत हेच आयएस १३६४ चे भाग १ आणि २.

कॅड लायब्ररीत जुनी जर्मन डीआयएन मानकंही असतात. डीआयएन ९३१ च्या एम१२ ला १९ चा पाना लागतो, आयएसओ ४०१४ ला १८ चा. एम१० ला १७ आणि १६. एम८ ला मात्र दोन्हीकडे १३, त्यामुळे ज्यांचं काम एम८ वरच भागतं त्यांना हा घोळ कधी कळतच नाही! डोकं अडकून राहावं म्हणून १८.२ मिमीची खाच मिल केलीत आणि बाजारातून डीआयएनचा बोल्ट आला, तर तो आत बसणारच नाही.

आणि बाजारात गेलात की सूत भेटतं. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण साकीनाक्याच्या गाळ्यांत ‘अडीच सुती’ अजून चालतं. एक सूत म्हणजे १/८ इंच, म्हणून अडीच सूत ५/१६ इंच, ७.९४ मिमी. एम८ च्या इतकं जवळ की हातात घेऊन फरक कळत नाही. पण व्हिटवर्थला इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मिमी, एम८ चा १.२५. पहिले एक-दोन फेरे छान बसतो, मग अडकतो. तिथे पान्याने जोर लावला की टॅप केलेल्या भोकाची वाट लागते. म्हणून काउंटरवर ‘आठ एमएम’ म्हणू नका. ‘एम८, सव्वाचा पिच’ म्हणा.

लायब्ररीत फाइलला ‘बोल्ट_फायनल_२’ असलं नाव देऊ नका. मानक, माप, लांबी, वर्ग आणि प्लेटिंग हे वेगवेगळे रकाने ठेवा आणि पार्ट लिस्ट त्यातूनच भरून घ्या. फाइलच्या नावात गुणिले चिन्हाऐवजी साधं एक्स अक्षर टाका, काही सर्व्हरना ते चिन्ह झेपत नाही.