कासवाची टाकी आणि खिडकीतलं ऊन

तुमच्यापैकी बरेच जण सध्या ‘पेट’च्या तयारीत असतील. आजचा लेख दुसऱ्या ‘पेट’बद्दल आहे, म्हणजे पाळलेल्या कासवाबद्दल. पण वाचून टाका, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मला जे कुणी शिकवलं नाही ते या कासवाने शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला वाढदिवसाला कासव मिळालं. दुकानदाराने सोबत प्लास्टिकची छोटी परात दिली, मधोमध हिरवं ताडाचं झाड. वर आश्वासन: ‘एवढंच राहतं हे.’ घरात झूलॉजीचा एम.एस्सी. मी एकटाच, त्यामुळे ताईने टाकीचं काम माझ्यावर सोपवलं. मी काचेची टाकी आणली, बसायला एक दगड ठेवला आणि सकाळचं ऊन येतं म्हणून ती बंद खिडकीला लावून ठेवली. काम फत्ते. पाचेक महिन्यांनी भाच्याचा फोन आला, ‘मामा, याची पाठ दाबली की दबते. असं असतं का?’

नसतं असं. कवच मऊ पडत होतं.

आधी प्राणी कोणता ते ठरवा. आपली देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत, ती घरी ठेवायची नाहीत. दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. (परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियमही घेण्याआधी वाचा.) पिल्लू साधारण 3 सेंटिमीटरचं असतं, पण मादीचं कवच 25 सेंटिमीटरच्याही पुढे जातं आणि ती वीस-तीस वर्षं सहज जगते. म्हणजे टाकी आज दिसणाऱ्या पिल्लासाठी घ्यायची नाही.

मग किती मोठी घ्यायची? पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो: कवचाच्या दर इंचामागे 40 लिटर पाणी. दहा इंची मादी म्हणजे 400 लिटर. आपल्याकडे टाकी फुटात बनवून मिळते. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. 5 बाय 2 बाय 2 फुटांची टाकी काठोकाठ भरली तर 566 लिटर, पण कासव चढून बाहेर पडू नये म्हणून पाऊण भरायची, म्हणजे सव्वाचारशे. पाण्याचंच वजन सव्वाचारशे किलो, काच वेगळी. भाड्याच्या खोलीतल्या अभ्यासाच्या टेबलावर हे ठेवणार असाल तर आधी टेबलाकडे नीट बघा. पाण्याची खोली मात्र कवचाच्या लांबीच्या दीडपट तरी हवी, हा प्राणी पोहणारा आहे.

आता इथे जरा थांबा, कारण हा नियम लांबीवर बेतलेला आहे. कासव 3 सेंटिमीटरवरून 24 वर गेलं की लांबी आठपट होते, पण वजन घनाच्या हिशोबाने जवळपास पाचशेपट. चयापचय वजनाइतक्या वेगाने वाढत नाही. घातांक पाऊण धरला तरी शंभरपटीच्या आसपास जातो. खाणं आणि घाण त्याच प्रमाणात. नियम मात्र पाणी आठपटच देतो! उरलेली तफावत फिल्टरने आणि पाणी बदलून भरून काढायची असते. म्हणून माशांसाठी ‘एवढ्या लिटरला पुरेल’ असं खोक्यावर लिहिलेला फिल्टर कासवाला पुरत नाही. टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या.

फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. त्यातल्या स्पंजावर जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया मोजत राहायचा आणि पाणी बदलत राहायचं. मोजताना सामूही लिहा. 25 अंशांना सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, सामू 8 झाला की सुमारे पाच टक्के. टेस्ट किटवरचा आकडा तोच, त्रास नऊपट. कासव हवेत श्वास घेतं म्हणून माशासारखं लगेच मरत नाही, पण डोळे आणि कातडी चुरचुरते. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातला क्लोरीन महिन्याभराच्या वस्तीला मारक ठरू शकतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा.

तळाला बारीक खडी नको, कासव गिळतं. हीटरचं म्हणाल तर मुंबई-कोकणात फारसा लागत नाही. पुण्या-नाशकात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो तेव्हा लागतो. पाणी 24 ते 27 अंश.

आता माझी चूक. कासवाच्या कातडीत ‘ड 3’ जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण लागतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. उजेड येतो, ऊब येते, थर्मामीटर छान वाचन देतो आणि कासवाला हवं तेच पोचत नाही. स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रॅक्टिकलला आपण क्वार्ट्झची क्युव्हेट का वापरतो, हे मी व्हायव्हात घडाघडा सांगितलं होतं. ताईच्या घरात मला ते आठवलं नाही, कारण ‘ऊन येतंय’ हे मी डोळ्यांनी बघून ठरवलं होतं.

तेव्हा कोरडी बसायची जागा करा, तिथे 30 ते 35 अंश तापमान ठेवा आणि यूव्हीबी दिवा नेमका त्याच जागेवर रोखा. कातडीत आधी जे बनतं त्याचं ‘ड 3’ मध्ये रूपांतर उष्णतेने होतं, म्हणून ऊब एका कोपऱ्यात आणि यूव्हीबी दुसऱ्या, असं चालत नाही. दिवा आणि कासव यांच्यामध्ये काचेचं झाकण नको. सहा ते बारा महिन्यांनी दिवा बदला, कारण पेटलेला दिसतो तरी यूव्हीबी घटलेलं असतं. लावल्याची तारीख मार्करने होल्डरवर लिहून ठेवा.

आमचं कासव वाचलं. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, दिवा आला, कवच घट्ट व्हायला काही महिने लागले. कडेला थोडा वाकडेपणा राहिला आहे. आता ते 14 सेंटिमीटर आहे आणि भाचा दर रविवारी पट्टीने मोजून वहीत लिहितो. टाकीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, ही ताईची अट आहे आणि ती बरोबर आहे, कासवांवर साल्मोनेला असतो.

मोठ्या टाकीचे पैसे मी आणि ताई निम्मे-निम्मे भरणार आहोत. तळ्यात सोडून द्या असं शेजारच्या काकांनी सुचवलं होतं. हे कासव जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे, असं भाच्यानेच त्यांना सांगितलं.