टेकड्या नदीत गेल्या तेव्हा

जानेवारी 1848 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलोमाजवळ अमेरिकन नदीकाठी सोनं सापडलं. नदीच्या वाळूतलं सहज मिळणारं सोनं काही वर्षांतच ओसरलं. मग 1853 पासून खाणवाले टेकड्यांकडे वळले. उंचावरून नळांनी आणलेलं पाणी तोटीतून प्रचंड दाबानं टेकडीवर मारायचं आणि ढासळलेला चिखल लांबलचक लाकडी पन्हळींतून सोडायचा. पन्हळींत ओतलेला पारा सोन्याचे कण धरून ठेवी. बाकी सगळा राडा आसपासच्या नद्यांत.

इथले मूळ रहिवासी निसेनान लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या नद्यांत सामन मासे धरत आले होते, त्याच या नद्या. त्यांना कुणी विचारलंही नाही, ही या इतिहासातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट.

या गाळानं त्यांपैकी यूबा नदीचं पात्र वर येत गेलं. खालच्या मेरीजव्हिल गावानं बांध घातले, तरी 1875 मध्ये पूर गावात शिरला. शेतं वाळू-गोट्यांखाली गाडली गेली. अखेर 1884 मध्ये न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी नदीत राडा सोडायला मनाई केली. सोन्याच्या धंद्यापुढे शेतकऱ्यांची बाजू उचलून धरणारा हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

गाळ मात्र थांबला नाही. तो लाटेसारखा हळूहळू खाली सरकतो, हे भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1917 मध्ये दाखवून दिलं. खाणी बंद पडल्यावरही मेरीजव्हिलजवळ यूबेचा तळ सुमारे वीस वर्षं वर चढत होता. त्या काळचा पारा आजही सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या गाळात आहे आणि तिथून तो माशांच्या शरीरात पोचतो.