धनुष्कोडीचे स्टेशन

काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरास न्यावी, ही महाराष्ट्रातील भाविकांची फार जुनी आकांक्षा. रामेश्वरासाठी आणलेले ते जल संत एकनाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. रामेश्वराच्या पुढे धनुष्कोडी येथे समुद्रस्नान केल्यावाचून ही यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. एके काळी त्या धनुष्कोडीपर्यंत आगगाडी जात असे. आज तेथे गाडी नाही, रूळ नाहीत. स्टेशनाच्या पडक्या भिंती मात्र वाळूत उभ्या आहेत. हे स्टेशन कसे वसले आणि कसे उजाड झाले, ते आपण पाहू.

तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत रामेश्वराचे बेट आहे. त्याच्या आग्नेय टोकाला वाळूची एक चिंचोळी पट्टी समुद्रात दूरवर शिरली आहे. तिच्या एका अंगास बंगालचा उपसागर, तर दुसऱ्या अंगास मन्नारचे आखात. लंकेहून परतल्यावर श्रीरामांनी आपल्या धनुष्याच्या कोटीने, म्हणजे टोकाने, येथे सेतू मोडला अशी आख्यायिका आहे. त्यावरून या गावास धनुष्कोडी हे नाव पडले.

येथून श्रीलंकेचे तलैमन्नार हे बंदर समुद्रमार्गाने सुमारे 35 किलोमीटर दूर आहे. या जवळिकीतच स्टेशनाच्या जन्माचे कारण आहे. पूर्वी मद्रासहून कोलंबोस जाणारे उतारू आगगाडीने तुतिकोरिनपर्यंत जात आणि तेथून लांबचा समुद्रप्रवास करीत. 24 फेब्रुवारी 1914 रोजी मुख्य भूमी व बेट यांना जोडणारा पांबनचा पूल सुरू झाला. 2 किलोमीटरांहून लांब असलेल्या या पुलाचा मधला भाग जहाजांना वाट देण्यासाठी उचलता येई. पुलामुळे गाडी धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. उतारू गाडीतून उतरून बोटीत बसत आणि पलीकडे तलैमन्नारला कोलंबोची गाडी पकडत. मद्रास ते कोलंबो या साऱ्या प्रवासास एकच तिकीट पुरे! या गाडीस लोक ‘बोट मेल’ म्हणत.

पाहता पाहता कोळ्यांच्या त्या वस्तीचे रूप पालटले. टपाल कचेरी, जकातीची कचेरी, शाळा, दवाखाना, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा असे सारे तेथे उभे राहिले. यात्रेकरू, व्यापारी आणि मजूर यांनी स्टेशन गजबजून जाई. हा क्रम 50 वर्षे चालला.

22 डिसेंबर 1964 च्या रात्री भयंकर चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. तारांचे संबंध तुटले. पांबनहून निघालेली उतारूंची गाडी अंधारातून व पावसातून धनुष्कोडीकडे येत होती. स्टेशन अगदी थोड्या अंतरावर राहिले असताना समुद्राची प्रचंड लाट तिच्यावर कोसळली. गाडीतील शंभराहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही. गावातील घरे, धक्का, रूळ सारे उद्ध्वस्त झाले. पुढे सरकारने हे गाव मनुष्यवस्तीस अयोग्य ठरवले.

याच वादळाने पांबनच्या पुलाच्याही बहुतेक तुळया समुद्रात लोटल्या होत्या. पण त्या तुळया वर काढून अवघ्या 46 दिवसांत तो पूल पुन्हा उभा करण्यात आला. या कामाचे प्रमुख होते तरुण अभियंते ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे उभारली, तेच हे श्रीधरन. त्या पुलावरून 2022 पर्यंत गाड्या धावल्या आणि 2025 साली त्याच्या शेजारचा नवा पूल सुरू झाला. रामेश्वराचे स्टेशन आजही गजबजलेले आहे. धनुष्कोडीचे स्टेशन मात्र पुन्हा उघडले नाही.

असा भेद का व्हावा? पुलाचे खांब पक्के होते आणि त्यावाचून साऱ्या बेटाची वाट अडली असती. धनुष्कोडीचा मात्र आधारच वाळूचा होता. समुद्र जवळ म्हणून तेथे स्टेशन वसले आणि समुद्र जवळ म्हणूनच ते बुडाले. 2019 साली तेथे पुन्हा रूळ नेण्यासाठी कोनशिला बसवण्यात आली. परंतु त्या नाजूक भूमीवर असे बांधकाम करावे काय, याविषयी मतभेद झाले.

आज उपग्रहांच्या साहाय्याने वादळाची चाहूल आधी लागते आणि किनाऱ्यावरील लोकांस वेळीच हलवता येते. तथापि समुद्राचे सामर्थ्य तेवढेच आहे. मोडलेले पुन्हा उभारण्यास धैर्य लागते. त्याचबरोबर, कोठे उभारावे आणि कोठे माघार घ्यावी, हे ओळखण्याचा विवेकही लागतो. पांबनचा पूल आणि धनुष्कोडीच्या भिंती आपल्याला या दोन्ही गोष्टींची आठवण करून देतात.