एमआरआयमधील काळे ठिपके काय सांगतात?

चक्कर किंवा विसरभोळेपणा यांसाठी मेंदूचा एमआरआय काढला जातो आणि अहवालात 'सूक्ष्म रक्तस्राव' हे शब्द वाचून घरातील सारेच हादरतात. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ती तत्काळ बंद करण्याचा विचार मनात येतो. मात्र या ठिपक्यांचा अर्थ समजून न घेता केलेली घाई महागात पडू शकते.

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अतिशय बारीक असतात. वाढते वय आणि अनेक वर्षांचा उच्च रक्तदाब यांमुळे त्यांच्या भिंती जाड व कडक होतात. परिणामी काही ठिकाणी रक्तपुरवठा अपुरा पडतो, तर काही ठिकाणी रक्त झिरपते.

एमआरआयच्या 'फ्लेअर' प्रतिमेत अपुऱ्या रक्तपुरवठ्याच्या खुणा पांढऱ्या डागांच्या रूपात दिसतात. एखादी बारीक धमनी बंद पडल्यास ३ ते १५ मिलिमीटरची पोकळी मागे राहते. झिरपलेल्या रक्तातील लोह मात्र तेथेच साठून राहते. लोहामुळे आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते आणि 'एसडब्ल्यूआय' प्रकारच्या प्रतिमेत २ ते १० मिलिमीटरचे गोल काळे ठिपके उमटतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत.

ठिपक्यांची जागाही महत्त्वाची असते. मेंदूच्या खोल भागात ते असतील तर संशय प्रामुख्याने उच्च रक्तदाबावर जातो. केवळ पृष्ठभागालगतच्या भागात असतील, तर धमन्यांच्या भिंतीत अमायलॉइड हे प्रथिन साचण्याचा विकार असू शकतो. या विकारात मोठ्या रक्तस्रावाचा धोका अधिक असतो.

मग गोळीचे काय? पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेल्या २० हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. ठिपके वाढतात तसा रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्यात दिसले. परंतु ठिपके कितीही असले तरी गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण रक्तस्रावापेक्षा अधिकच राहिले. म्हणूनच गोळी परस्पर बंद करू नये. मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रतिमा पाहून तो निर्णय घ्यावा. रुग्णाच्या स्वतःच्या हाती असलेला खरा उपाय म्हणजे रक्तदाब नियमित तपासून तो आटोक्यात ठेवणे.