प्रोजेक्ट असिस्टंटची जागा घ्यावी का? बढतीवरच्या संशोधनातून बघू

एम.एस्सी. झालंय, पीएच.डी.ची जागा अजून नाही आणि हातात सहा महिन्यांची प्रोजेक्ट असिस्टंटची ऑर्डर आहे. घरचे म्हणतात, सुरुवात कुठूनही कर, वर जाता येतं. सीनियर म्हणतात, एकदा असिस्टंटचा शिक्का बसला की बसला. तुम्ही कोणाचं ऐकाल?

1971 मध्ये डोरिंजर आणि पिओरे या अर्थशास्त्रज्ञांनी 'अंतर्गत श्रमबाजार' ही कल्पना मांडली. काही संस्थांत बाहेरच्या माणसाला ठरावीक खालच्या जागांवरूनच आत येता येतं. वरच्या जागा आतल्याच लोकांतून भरतात. सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागून पुढे अधिकारी झालेलं कोणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. तिथे घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे.

सीनियरांच्या बाजूने 1979 चा जेम्स रोझेनबॉम यांचा अभ्यास. एका मोठ्या अमेरिकन कंपनीत साधारण एकाच काळात लागलेल्या लोकांच्या 13 वर्षांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. ज्यांना सुरुवातीलाच बढती मिळाली, ते पुढेही जास्त वर गेले. त्यांनी याला टूर्नामेंट म्हटलं. गल्लीतल्या नॉकआउट क्रिकेटसारखंच बघा: जिंकलात तर फक्त पुढची मॅच मिळते, हरलात तर मोठ्या बक्षिसातून बाहेर.

पण इथे थांबा. लवकर बढती मिळालेले मुळातच जास्त हुशार असतील तर? की बढतीमुळे चांगली कामं मिळाली, साहेबांचं लक्ष गेलं, म्हणून ते पुढे गेले? एकच आकडेवारी दोन्ही गोष्टींना लागू पडते. (व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.) यातून सुटायचं तर सुरुवात अशा कारणाने बिघडलेली हवी, ज्याचा हुशारीशी संबंध नाही. लिसा कान यांनी 2010 च्या लेखात मंदी घेतली. 1979 ते 1989 मध्ये अमेरिकेत पदवीधर झालेल्या गोऱ्या पुरुषांत, मंदीत बाहेर पडलेल्यांचा पगार कितीतरी वर्षं मागेच राहिला. मंदी बघून कोणी मुद्दाम पदवी लांबवली असेल तर? म्हणून त्यांनी जन्मवर्षाचाही आधार घेतला; ते काही आपण निवडत नाही! मला या तिघांत हाच अभ्यास सगळ्यात पटतो. म्हणजे सुरुवातीचा फटका खरा असू शकतो, नुसतं निवडीचं गणित नाही.

आता तुमची ऑर्डर. ही जागा प्रोजेक्टला बांधलेली असते. निधी संपला की जागा संपली. जेआरएफला दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ होता येतं, 2023 च्या दरांनी 37,000 वरून 42,000 रुपये. असिस्टंटचा मात्र आपोआप जेआरएफ होत नाही. नेट वेगळीच द्यावी लागते. थोडक्यात, डोरिंजर-पिओरेंच्या अर्थाने हे आत यायचं दार नाहीच. तरी मी सरसकट नको म्हणणार नाही. सही करण्याआधी गाईडना तीन गोष्टी विचारा: पेपरवर माझं नाव येईल का, हा डेटा पुढे मला वापरता येईल का, आणि आधीचे दोन असिस्टंट आज कुठे आहेत. तिसऱ्याचं उत्तर जमलं तर त्या दोघांनाच फोन करून घ्या.